आमच्या होस्टेलच्या एकाही पीसीवर न चाललेला गेम ५१२ एमबीच्या कन्सोलमध्ये बसवला तरी कसा?

घाटंजीकर
१२ मे, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथं नुसता वाचत आलो, धागा पहिल्यांदाच काढतोय. जरा सविस्तर लिहितो, म्हणजे नेमकं काय विचारायचंय ते कळेल.

२००८ साली मी यवतमाळला होस्टेलवर होतो. आमच्या मजल्यावर सात पीसी, सगळे असेम्बल केलेले. बहुतेकांत १ जीबी रॅम, आणि ग्राफिक्स कार्ड फक्त एकाकडं, २५६ एमबीचं. 'क्रायसिस' हा बंदुकीचा शूटर गेम आदल्या नोव्हेंबरात आला होता. त्याची डीव्हीडी एकानं नागपूरहून आणली. त्या कार्डवाल्या पीसीवर सगळ्या सेटिंग्ज तळाला नेल्या, रिझोल्यूशन ८०० बाय ६०० केलं, तरी चित्र अडखळत चालायचं. पत्र्याच्या झोपडीवर गोळ्या झाडल्या की पत्रे उडायचे आणि सगळं गोठायचं. पण सुरुवातीला रात्री समुद्रात पडून, किनाऱ्यानं वर चढून कड्यावर आलो की समोर उजाडतं, ते पाहायला आम्ही आठ-दहा जण त्या खोलीत दाटीवाटीनं बसायचो. कुणीही पुढं खेळला नाही. चालतच नव्हता. रोज रात्री तेवढी पहाट पाहायची आणि झोपायचं.

आता भाचा उन्हाळ्याच्या सुट्टीत गावाला आलाय. नववीत गेला. नागपूरच्या सीताबर्डीतून जुना प्लेस्टेशन ३ कन्सोल घेऊन आला, आधीच्या मालकानं त्यात काही गेम उतरवून ठेवलेले. यादीत 'क्रायसिस' दिसला आणि मी उठून बसलो. कपाशीची पऱ्हाटी उपटून झालेली, पावसाला अवकाश आहे, म्हणून संध्याकाळी दोघं बसतो.

चालतो हो! तोच किनारा, तीच झाडं, गोळी लागली की खोड तिथंच तुटतं. पत्र्याची झोपडी कोसळते आणि चित्र थोडं जड होतं, पण गोठत नाही. फरकही दिसले. गवत आपण जवळ गेल्यावर उगवल्यासारखं दिसतं. लांबचा डोंगर मऊ, धुरकट. उजेडाचा रंग निराळा. हे सगळं मला चालेल.

पण शेवटाकडं बर्फातून बाहेर पडल्यावर स्वतः विमान चालवायचा एक अख्खा भाग होता, 'असेन्शन' नावाचा. होस्टेल सुटल्यावर एका मित्राच्या नव्या पीसीवर मी तो पाहिला होता. भाच्याला दोन दिवस सांगत होतो, थांब, आता विमान येईल. आलंच नाही. गेम सरळ जहाजावर गेला. पोरगं माझ्याकडं पाहायला लागलं.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढ्याशा मेमरीत हा गेम मावला कसा? आणि अख्खा भाग गाळून तेच नाव लावणं याला काय म्हणायचं? भाच्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.

---

मूर्तिजापूर_जंक्शन
१३ मे, सकाळी ७:०५

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं आहे. याला अर्धा गेम म्हणतात. पोथीचा एक अध्याय काढून टाकला तर ते पारायण पूर्ण होत नाही. शूटर गेम पीसीचाच. माउस, कीबोर्ड आणि दमदार कार्ड. ज्याच्याकडं नाही त्यानं पैसे साठवावेत, मीही तीन वर्षं साठवले. लहान मशीनसाठी मोठ्या गेमचे तुकडे करणं मला मान्य नाही, आणि हे मी रागानं नाही, त्या गेमवरच्या प्रेमानं म्हणतोय.

---

चिखलीचा_कोडर
१३ मे, रात्री ९:४८

घाटंजीकर भाऊ, धागा वाचून फार बरं वाटलं. मी मूळचा चिखलीचा, आता पुण्यात. गेम एका मशीनवरून दुसऱ्यावर नेण्याचं, म्हणजे 'पोर्ट' करण्याचं काम मी सहा वर्षं केलंय, छोटे गेम, पण दुखणी तीच असतात. पहिल्या प्रश्नावर लिहितो.

आधी आकडे. पीसीवर क्रायसिस नीट चालायला २ जीबी रॅम आणि ६४० एमबी मेमरीचं ८८०० जीटीएस कार्ड सांगितलेलं होतं. प्लेस्टेशन ३ मध्ये सगळं मिळून ५१२ एमबी. तेही एकत्र नाही, २५६ प्रोसेसरकडं आणि २५६ ग्राफिक्सकडं. एकीकडं कमी पडलं म्हणून दुसरीकडून सहज उसनं घेता येत नाही. त्यातला काही भाग कन्सोलची स्वतःची सिस्टीम आधीच अडवून बसते. एक्सबॉक्स ३६० मध्येही ५१२ च, पण ती सामाईक, शिवाय चित्र रंगवायला १० एमबीची वेगळी चपळ मेमरी. १२८० बाय ७२० चं चित्र घ्या. प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले तर साधारण ३.७ एमबी, आणि प्रत्येक ठिपका किती लांबचा आहे याची नोंद ठेवायला तेवढेच आणखी. म्हणजे ७.४. त्या १० एमबीत हे बसतं, पण उजेडासाठी आणखी दोन थर ठेवायचे म्हटले की बसत नाही. पोर्ट करणाऱ्याचा दिवस अशा बेरजांत जातो.

मग मावतं कसं? झाडाच्या सालीचं, दगडाचं, वाळूचं प्रत्येकाचं एक चित्र असतं, त्याला टेक्स्चर म्हणतात. १०२४ बाय १०२४ चं एक टेक्स्चर उघडं ठेवलं तर ४ एमबी. दाबून ठेवलं तर अर्धा ते एक एमबी. आपल्याकडं मोकळा कापूस बंडीत घातला की बंडी भरून वर डोलते, आणि तीच रुई जिनिंगमध्ये दाबली की १७० किलोची एक गठाण होते, तसं. पण हे दाबणं पीसीवरही होतंच. कन्सोलसाठी त्यापुढं जाऊन लांबी-रुंदी निम्मी करतात. निम्म्या मापाचं चित्र पाव जागा घेतं. मात्र सरसकट सगळ्याच चित्रांना कात्री लावली तर गेम मेलेला दिसतो. हातातली बंदूक कायम डोळ्यासमोर असते, तिला हात लावायचा नाही. पायाखालची वाळू थोडी. मागच्या टेकडीवरचा दगड खुशाल. कुणीतरी बसून एकेका वस्तूचा असा निवाडा केलेला असतो.

दुसरं म्हणजे अख्खं बेट एका वेळी मेमरीत आणायचंच नाही. सगळं शेत खळ्यावर आणून टाकतो का आपण? मळणी होत जाते तशा पेंढ्या येत राहतात. गेमही तुम्ही चालाल तसं पुढचं आणतो आणि मागचं सोडून देतो. गवत जवळ गेल्यावर उगवतं म्हणालात ना, ते त्याचंच भावंड आहे. किती अंतरापासून गवत रंगवायचं याची रेघ पीसीवर लांब असते, इथं जवळ ओढली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. क्रायसिस बनत असताना बनवणाऱ्यांनी धरलं होतं की पुढं प्रोसेसरमधल्या एकेका कोअरचाच, म्हणजे काम करणाऱ्या भागाचाच वेग वाढत जाईल. तसं झालं नाही, कोअरची संख्या वाढली. त्यामुळं जुनी पीसी आवृत्ती आजच्या चांगल्या मशीनवरही एकाच कोअरवर भार टाकून दमते. प्लेस्टेशन ३ चा सेल प्रोसेसर तर अगदीच वेगळा. एक मुख्य कोअर आणि गेमला वापरता येणारे सहा लहान मदतनीस, प्रत्येकाजवळ स्वतःची फक्त २५६ केबी जागा. वेचणीच्या बाया आठवा. प्रत्येकीच्या कमरेला ओटी. ओटीत मावेल तेवढंच वेचायचं, भरली की धुऱ्यावरच्या गाठोड्यात रिती करायची आणि पुन्हा तासाला लागायचं. सहा जणींना एकदम कामाला लावायचं तर कुणी कुठली तासं धरायची हे आधी ठरवावं लागतं, नाहीतर चौघी धुऱ्यावर उभ्या राहतात. एका तगड्या माणसासाठी आखलेलं काम ओट्यांत वाटून देणं म्हणजे जवळजवळ सगळं नव्यानं लिहिणं.

हे काम त्यांनी आधी दुसऱ्या गेमसाठी केलं. क्रायइंजिन ३ हे नवं इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो पायाचा प्रोग्राम, कन्सोल डोळ्यापुढं ठेवून बनवलं, त्यावर मार्च २०११ मध्ये 'क्रायसिस २' पीसी आणि दोन्ही कन्सोलवर एकदम आणला, आणि मग त्याच इंजिनात २००७ चा जुना गेम परत उभा केला. तो आला ऑक्टोबर २०११ मध्ये. उजेडाचा रंग वेगळा वाटतो तो यामुळंच. तुम्ही खेळताय ते जुन्याच आराखड्यावर नव्या विटांनी बांधलेलं घर आहे.

जेवायला बोलावताहेत. विमानाबद्दल उद्या.

---

हिंगणघाट_रिपेअर
१३ मे, रात्री १०:३०

ओटीचं उदाहरण लय भारी दिलं भाऊ. वीस वर्षं मशिनी खोलून रायलो, पण सेल असा कोनी समजावला नव्हता.

---

झाडीपट्टी
१४ मे, दुपारी २:१५

मी ब्रह्मपुरीजवळची. कन्सोलवरच शूटर खेळत आले, माउसनं कधीच नाही. म्हणून मूर्तिजापूरच्या दादांना सांगावंसं वाटतं की मेमरी मावली म्हणजे पोर्ट झालं, असं नसतं. हातात काय आहे तेही बघावं लागतं.

माउस म्हणजे थेट बोट दाखवणं. मनगट हललं तेवढं निशाण हललं. कंट्रोलरची काडी तशी नाही. ती किती वाकवली त्यावर फक्त वेग ठरतो, नेमकी जागा अंगठ्यानं थांबवून पकडायची. त्यामुळं पीसीचा शूटर जसाच्या तसा कन्सोलवर ठेवला तर माणूस भिंतीवरच गोळ्या घालत बसतो. म्हणून गेम आपल्याला हळूच हात देतो. शत्रूवरून निशाण जाताना काडीचा वेग थोडा मंदावतो, शत्रू सरकला तर निशाण किंचित त्याच्याबरोबर सरकतं. हे नीट जमलेलं असलं तर आपल्याला कळतसुद्धा नाही, वाटतं आपणच नेमबाज. जास्त झालं तर निशाण चिकटल्यासारखं होतं, दोन शत्रू शेजारी असले की भलत्याकडं ओढतं. मी असे गेम अर्ध्यात सोडलेत.

क्रायसिसमध्ये तर अंगातल्या सूटचा प्रश्न होता. पीसीवर वेग, ताकद, चिलखत आणि अदृश्य होणं अशा चार शक्ती, माउसचं मधलं बटण दाबून गोल फिरकीतून निवडायच्या. कन्सोलवर ते क्रायसिस २ सारखं केलं. चिलखत आणि अदृश्य होणं खांद्याच्या बटणांवर आणलं, जोरात पळालं की वेग आपोआप. माझ्या मते हे मूळापेक्षा बरं आहे. गोळीबार चालू असताना फिरकी उघडून बसावं लागत नाही.

आणखी एक, बसण्याचं अंतर. पीसीसमोर आपण दोन हातांवर असतो, टीव्हीपासून आठ-दहा फुटांवर. म्हणून कन्सोलवर नजरेचा कोन बहुतेक वेळा अरुंद ठेवतात, लांबूनही माणूस ओळखू येतो. कोन अरुंद झाला की बाजूची झाडं चित्रातच येत नाहीत, ती रंगवायचा भारही वाचतो. एका निर्णयात दोन कामं.

लांबचा डोंगर मऊ का दिसतो, त्यावर मला आमच्या नाटकांची आठवण झाली. दिवाळीनंतर वडशाच्या कंपन्या गावोगावी येतात, रात्रभर नाटक चालतं. मागं जंगलाचा रंगवलेला पडदा, पुढं खऱ्या फांद्या खोचलेल्या. पेट्रोमॅक्स जाऊन हॅलोजन आले तरी पडदा तोच. पुढच्या रांगेतल्या पोरालाही ते जंगलच वाटतं, कारण माणसं त्याच्यापुढं वावरत असतात. गेममध्येही लांबचं झाड हे झाड नसतं, झाडाचं सपाट चित्र असतं, आपल्याकडं तोंड करून उभं. जवळ गेलो की त्याच्या जागी खरं झाड येतं. ती अदलाबदल डोळ्याला खटकू नये यातच सगळी कला. घाटंजीकर दादा, आज खेळताना एकाच लांबच्या माडाकडं बघत सरळ चालत जा, कुठं बदलतो ते सापडेल.

---

घाटंजीकर
१४ मे, रात्री ९:५०

ताई, सापडला! भाच्यालाच सापडला खरं तर. तीनदा मागंपुढं करून बघितलं. आता तो प्रत्येक झाडाशी तेच करतोय, गेम पुढं सरकतच नाही.

---

मेळघाट_मास्तर
१५ मे, सकाळी ६:४०

धारणी तालुक्यात शिक्षक आहे. या धाग्यात एका माणसाचं नाव यायला हवं, म्हणून लिहितो.

१९९३ च्या डिसेंबरात पीसीवर 'डूम' आला. त्या काळी तोच जड. आणि सुपर निन्टेन्डो हे कन्सोल त्याहून जुनं. प्रोसेसर जेमतेम ३.५८ मेगाहर्ट्झचा, मुख्य मेमरी १२८ केबी. एमबी नव्हे, केबी. त्यावर डूम चालेल असं कुणी म्हटलं असतं तर हसले असते. रँडी लिंडन या प्रोग्रामरनं तो चालवला. त्याच्या हाताशी डूमचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिहिलेला प्रोग्राम नव्हता, तो जगाला मिळाला १९९७ च्या शेवटी. त्यानं गेमच्या फाइल्स उकलून बघितल्या आणि स्वतःचं वेगळं इंजिन शून्यापासून लिहिलं. १९९५ मध्ये ते बाजारात आलं. कॅसेटच्या आतच सुपर एफएक्स २ नावाची जास्तीची चिप बसवलेली होती. म्हणजे मशीन कमी पडलं तर गेमनं येताना आपला बैल बरोबर आणला.

काय सोडलं? जमिनीवरचं आणि छतावरचं टेक्स्चर गेलं, तिथं नुसता सपाट रंग. राक्षस कायम आपल्याकडंच तोंड करून, कारण पाठीची आणि बाजूची चित्रं ठेवायला जागाच नाही. खेळाची चौकट लहान. काही लेव्हल गाळल्या. पण तो काळोखा बोळ, दार उघडल्याचा आवाज आणि वळणावरची धास्ती तशीच राहिली. २०२० मध्ये लिंडननं त्या पोर्टचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला केला. पंचवीस वर्षांनी. ज्याला शिकायचं त्यानं बघावं.

आमच्या शाळेत एका जुन्या पीसीवर मी मुलांना एक खेळ करायला लावला. माकडाचं चित्र ६४ चौकोनांत काढायचं, मग तेच १६ चौकोनांत. शेपूट ठेवायची की डोळे, यावर वर्गात भांडणं झाली. एका कोरकू मुलीनं डोळे काढून टाकले आणि शेपटीची वळकटी ठेवली. सगळ्यांनी माकड ओळखलं.

---

मूर्तिजापूर_जंक्शन
१५ मे, रात्री ८:२०

सर, लिंडनचं मला माहीत नव्हतं. त्याला मनापासून नमस्कार. पण तिथं मशीन लहान होतं हे सगळ्यांना दिसत होतं. क्रायसिसमध्ये 'असेन्शन' गाळला तो खेळणाऱ्याला शेवटी कळतो, तेही आधी पीसीवर पाहिला असेल तर. माझं दुखणं ते आहे. घाटंजीकरांच्या भाच्याला कळलंही नसतं की आपल्याला काय मिळालं नाही.

---

चिखलीचा_कोडर
१५ मे, रात्री ११:१०

दादा, तुमचा मुद्दा मला पटतो आणि मी तो टाळणार नाही. भाग गाळला तर तसं ठळक सांगायला हवं.

पण तोच भाग का अडतो, ते माझ्या कामाच्या नजरेनं सांगतो. चालणारा माणूस गेमला वेळ देतो. झुडूप, टेकडी, झोपडी मध्ये येते, तिच्यामागचं रंगवावं लागत नाही. मी वर लिहिलं तसं पुढचं आणायला उसंत मिळते. विमानात बसलात की तिन्ही सोयी एकदम जातात. उंचीवरून काहीच आड येत नाही, अख्खी दरी एका नजरेत, आणि वेग इतका की एक पेंढी पडते न पडते तोच दुसरी लागते. वर हवेतले शत्रू, वादळ, स्फोट. हा भाग पीसीवरही जड होता, चांगली कार्डं तिथं धापा टाकायची. सेकंदाला ३० चित्रं हवी असतील तर प्रत्येक चित्राला ३३ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात हे सगळं बसवायचं तर दरी रिकामी करावी लागेल. रिकाम्या दरीवरून उडायला द्यायचं की उडूच द्यायचं नाही, हा पेच मी माझ्या छोट्या गेममध्येही अनुभवला आहे. मी तेव्हा रिकामी दरी निवडली होती आणि आजही ते मला बोचतं.

दुसरे लोक वेगळ्या वाटेनं गेले. 'डूम ३' ऑगस्ट २००४ मध्ये पीसीवर आला, आणि एप्रिल २००५ मध्ये व्हिकॅरिअस व्हिजन्सनं तो पहिल्या एक्सबॉक्सवर आणला, ज्यात एकूण मेमरी ६४ एमबी. त्यांनी मोठ्या लेव्हल कापून लहान केल्या, मध्ये लोडिंग घातलं, आणि बदल्यात दोघांनी मिळून खेळायची सोय दिली, जी पीसीवर नव्हती. त्याच वर्षी नोव्हेंबरात 'हाफ-लाइफ २' त्याच ६४ एमबीत आला, तो तर मूळ बनवणाऱ्यांनीच आणला. २०१६ चा 'डूम' पॅनिक बटननं नोव्हेंबर २०१७ मध्ये निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलवर नेला. सेकंदाला ६० चित्रांऐवजी ३०, आणि मारामारी वाढली की रिझोल्यूशन आपोआप खाली. चित्र धूसर झालं, पण एकट्यानं खेळायची मोहीम पूर्ण ठेवली. लेव्हल बनवायचं साधन मात्र तिथंही वगळलं. नंतर अपडेट देऊन हातातला कंट्रोलर हलवून नेम धरायची सोय केली, ती झाडीपट्टी ताईंना आवडेल.

आणि एक गोष्ट कन्सोलच्या बाजूनं. पीसीवर कुणाकडं कुठलं कार्ड असेल याचा नेम नाही, त्यामुळं सगळ्यांना पुरेल असं ढोबळ लिहावं लागतं. कन्सोल सगळीकडं एकच. त्याचा प्रत्येक कोपरा ओळखून लिहिता येतं. ५१२ एमबीच्या कन्सोलनं १ जीबीच्या होस्टेल पीसीला मागं टाकलं, त्यात या ओळखीचा मोठा वाटा आहे.

'असेन्शन'चं पुढं काय झालं तेही सांगून ठेवतो. २०२० मध्ये 'क्रायसिस रीमास्टर्ड' आला, जुलैत स्विचवर, सप्टेंबरात पीसी आणि इतर कन्सोलवर. तो कन्सोलच्याच आवृत्तीवरून बनवलेला, म्हणून आला तेव्हा त्यातही विमान नव्हतं. पीसीवाल्यांनीसुद्धा ओरड केली. नंतर पीसीवर अपडेटमधून ते परत आलं.

---

मूर्तिजापूर_जंक्शन
१५ मे, रात्री ११:४०

हे वाचून शांत वाटलं. "रिकामी दरी की दरीच नाही" यावर मीही विचार करतोय. मी असतो तर रिकामी दरी घेतली असती. तुम्हाला बोचत असलं तरी.

---

हिंगणघाट_रिपेअर
१६ मे, दुपारी १२:०५

घाटंजीकर भाऊ, एक कामाचं सांगतो, मनावर घ्या. आज इथं ४५ डिग्री हाय. असे जड गेम चिपला पूर्ण ताण देतात, सगळे मदतनीस एकदम राबतात, मग उष्णता बाहेर पडाले जागा पायजे. माह्याकडं मे महिन्यात जेवढ्या मशिनी येतात त्यातल्या निम्म्या आत कापसाचे तंतू अन् धूळ अडकून बसलेल्या. टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवू नका. भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. कुलरच्या थेट झोतात बी नको, ओलावा जातो आत. पंखा विमानावानी आवाज कराले लागला की खेळ थांबवा, तो आवाज म्हणजे मशीन सांगून रायली की मले दम लागला. जुना कन्सोल हाय, आतली थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर नेनारा लेप, वाळली असंन. नागपूरले जाताना हिंगणघाटले उतरा, मी बदलून देतो.

अन् लाईटचं. गावात व्होल्टेज खालीवर होते, स्टॅबिलायझर लावा. पडद्यावर सेव्ह होत असल्याची खूण फिरून रायली असंन तवा लाईट गेली तर फाईल खराब होते. इन्व्हर्टरवर टीव्ही अन् कन्सोल दोन्ही घ्या, नुसता टीव्ही नको.

---

झाडीपट्टी
१६ मे, दुपारी ३:३०

दादा, माझ्याही कन्सोलचा पंखा आवाज करतो. ब्रह्मपुरीहून हिंगणघाट लांब पडतं, पेस्ट घरी बदलता येईल का?

---

हिंगणघाट_रिपेअर
१६ मे, सायंकाळी ५:१०

येईल ताई, पण पयल्यांदा कोणासोबत तरी करा. वरच्या पट्ट्या नाजूक असतात, तुटल्या की महाग पडते. फोटो पाठवा, कोणता स्क्रू आधी काढायचा ते खुणा करून देतो.

---

घाटंजीकर
१८ मे, रात्री १०:३५

सगळ्यांचे आभार. काल कन्सोल कपाटातून काढून खाटेवर पाटी टाकून ठेवला, आवाज खरंच उतरला.

भाच्याला सगळं सांगितलं. ओटीचं, पडद्याचं, माकडाचं आणि विमानाचंही. तो आधी रुसला. म्हणाला, मग आपण पूर्ण खेळलोच नाही. मी म्हटलं, नाही खेळलो. मग थोड्या वेळानं त्यानं वही काढली आणि मला विचारलं, मामा, तुमच्याकडं फक्त ५१२ आहेत, तुम्ही काय काढलं असतं? त्याची यादी सुरू झाली. कोंबड्या काढू, नको, कोंबड्या राहू दे. बर्फातली अर्धी झाडं काढू. आवाज कमी दर्जाचे घेऊ. समुद्राच्या लाटा लांबून सपाट करू. सगळं काढत काढत त्यानं विमानासाठी जागा करायला घेतली. दरीत किती झाडं ठेवायची यावर आमचं अजून जमलेलं नाही, तो चाळीस म्हणतो, मी शंभर. कोडर भाऊ, तुम्ही तुमच्या गेममध्ये किती ठेवली होती?

आज बाबा पण येऊन बसले. त्यांना गेममधलं काही कळत नाही. आम्ही पहिली लेव्हल परत लावली होती. कड्यावर आल्यावर समोर उजाडलं तेव्हा ते म्हणाले, "थांबव ना जराशी, पाहू दे." बटण सोडून तिघं बसलो.

---

चिखलीचा_कोडर
१८ मे, रात्री ११:०२

बावीस. भाच्याला सांगा, चाळीस बसतील, पण त्यातली तीस सपाट ठेवावी लागतील.